पोच आणि उत्तर

मराठी मासिकांच्या जुन्या फाइली चाळणाऱ्यास एक मजकूर इतक्या वेळां भेटतो कीं, पुढें पुढें तो न वाचतांच पान उलटलें जातें. वर्ष संपत आलें कीं संपादक वाचकांपुढें हात जोडून उभे राहतात. मराठी भाषेची थोरवी, कागदाची महागाई, व्ही. पी. परत करणाऱ्या वर्गणीदारांची निष्ठुरता, यांचें यथास्थित वर्णन होतें. आणि अखेरीस प्रत्येक आश्रयदात्यानें निदान एक तरी नवा वर्गणीदार मिळवून द्यावा, अशी विनंती करून लेख संपतो. या विनंतीला फळ किती आलें हें पुढच्या वर्षाच्या फाइलीवरून समजावयाचें; आणि पुष्कळदां ती पुढची फाइल नसतेच. मराठीला वाचक नाहीं ही तक्रार अशा रीतीनें एका पिढीकडून दुसरीकडे जशीच्या तशी चालत आली आहे. मधल्या काळांत छपाईचीं साधनें बदललीं. आतां तर कागदाशिवायहि लिहितां येतें आणि लिहिलेलें क्षणांत दूरवर धाडतां येतें. परंतु लिहिणाऱ्याचें दुःख तेंच आहे: आम्ही लिहितों, वाचणारा कोठें आहे?

आमच्या मतें या दुःखाच्या मुळाशीं एक चुकीची समजूत आहे. वाचक हा कोठें तरी आधींपासूनच तयार होऊन बसलेला आहे, त्याला आपला पत्ता तेवढा कळावयाचा राहिला आहे, असें लेखक धरून चालतो. म्हणून तो जाहिराती करतो, बक्षिसें लावतो, नामांकित लेखकांचीं नांवें मुखपृष्ठावर छापतो. यानें वर्गणीदार मिळतात, नाहीं असें नाहीं. पण वर्गणीदार आणि वाचक ह्या दोन निरनिराळ्या जाती आहेत. वर्गणीदार पैसे देतो आणि अंक घेतो. वाचक अंकाला कांहीं तरी बोलतो, आणि आपल्या बोलण्याचें काय झालें हें पाहण्यासाठीं पुढच्या अंकाची वाट पाहतो. पहिल्याला मिळविण्यास पैसा लागतो. दुसऱ्याला मिळविण्यास काय लागतें, हें प्रस्तुत लेखकास एका लज्जास्पद अनुभवानें समजलें. तो येथें सांगितल्यावांचून पुढें जाणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं.

तरुणपणीं आम्ही एका जिल्ह्याच्या गांवच्या लहानशा मासिकाच्या कचेरींत कांहीं वर्षें काम केलें. मासिकाचें नांव सांगण्यांत अर्थ नाहीं; तें केव्हांच बंद पडलें. वाचकांच्या पत्रांसाठीं आमच्याकडे एक छापील कार्ड असे. पत्र पावलें, आभारी आहों, लोभ असावा, एवढा त्यावरील मजकूर. तारीख तेवढी हातानें घालावयाची. एक सेवानिवृत्त प्राथमिक शिक्षक आम्हांला दर महिन्याला पत्र पाठवीत. कधीं एखाद्या लेखांतील सनाची चूक, कधीं ओवीचा ओढूनताणून लावलेला अर्थ, कधीं नुसतीच एखादी शंका. आम्ही नेमानें त्यांना कार्ड धाडीत होतों, आणि आमच्या या नेमस्तपणाचें आम्हांला कौतुकहि होतें. वर्षअखेर त्यांची व्ही. पी. परत आली, आणि पाठोपाठ एक जाड पाकीट आलें. त्यांत आमचींच बारा कार्डें तारखांच्या क्रमानें लावून दोऱ्यानें बांधलेलीं होतीं. सोबत चिठ्ठी नव्हती. त्या गृहस्थांना आम्हीं बारा वेळां पोच दिली होती. उत्तर एकदांहि दिलें नव्हतें. मागाहून तीं बारा पत्रें फायलींतून काढून वाचलीं, तेव्हां त्यांतलीं चार तरी अशीं आढळलीं कीं, तीं छापलीं असतीं तर त्या त्या अंकांतील सर्वांत चांगलें पान तेंच झालें असतें.

पोच आणि उत्तर यांतील हें अंतर मनांत धरून मराठी नियतकालिकांकडे पाहिलें म्हणजे त्यांचा इतिहास जरा वेगळा दिसूं लागतो. पहिलें मोठें नांव अर्थात् निबंधमालेचें. जानेवारी १८७४ पासून पुढें सात वर्षें विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं मालेचे चौऱ्याऐंशीं अंक काढले, आणि ते जवळजवळ एकट्यानें लिहिले. मराठी गद्याला जो डौल, जो आवेश आणि जी प्रौढी त्या अंकांनीं आणून दिली तिच्याविषयीं येथें नव्यानें कांहीं सांगावयास नको. पण मालेचा वाचक कोण होता, असा प्रश्न विचारला तर उत्तर असें येतें कीं, तो श्रोता होता. कीर्तनांतल्या श्रोत्याप्रमाणें तो डोलत होता, मधूनमधून टाळी देत होता. बुवांना अडवून प्रश्न विचारण्याची त्याला सोय नव्हती. शास्त्रीबुवांनीं उत्तरें दिलीं तीं प्रतिपक्षाला. लोकहितवादी, जोतीराव फुले, दयानंद सरस्वती यांच्यावर त्यांनीं लेखणी परजली. शंका घेऊन आलेल्या सामान्य वाचकाला त्या ओसरीवर बसावयास जागा नव्हती.

याचें एक कारण त्यांच्या आदर्शांत सांपडतें. शास्त्रीबुवांची जॉन्सनवर मोठी भक्ति. हा इंग्रज पंडित १७५० ते १७५२ या दोन वर्षांत ‘रॅम्ब्लर’ नांवाचें पत्र आठवड्यांतून दोनदां काढीत असे आणि त्याचे दोनशें आठ अंक, थोडे अपवाद वगळतां, त्यानें स्वतःच लिहिले. गंभीर, भारदस्त, एकट्याचें असें तें लेखन होतें. परंतु त्याच लंडन शहरांत जॉन्सनच्या आधीं निराळ्याच वळणाची एक परंपरा सुरू झाली होती. जॉन डंटन नांवाच्या पुस्तकविक्यानें १६९१ सालीं एक पत्र काढलें, तें केवळ वाचकांचे प्रश्न आणि त्यांचीं उत्तरें यांवर चालवावयाचें म्हणून. नांव न सांगतां कोणींहि कांहींहि विचारावें, आणि छापील उत्तर वाचावें. सृष्टिशास्त्रापासून लग्नापर्यंत सर्व विषय त्यांत आले, आणि सहा वर्षें तें पत्र चाललें. पुढें १७१३ सालीं ॲडिसननें ‘गार्डियन’ पत्रासाठीं बटन नांवाच्या गृहस्थाच्या कॉफीगृहांत एका सिंहाचें मुखवट बसविलें. त्याच्या उघड्या जबड्यांत वाचकांनीं पत्रें टाकावीं, आणि संपादकानें तीं काढून घ्यावीं, अशी योजना होती. आमच्या निबंधकारांनीं इंग्रजांकडून निबंध उचलला. तो सिंह मात्र त्यांनीं तेथेंच ठेवला.

वास्तविक पाहतां मराठीला ही गोष्ट परकी नव्हती. आपल्या गद्याचा आरंभच मुळीं प्रश्नोत्तरांत झालेला आहे. लीळाचरित्र उघडावें, भक्तजन विचारतात आणि श्रीचक्रधर उत्तर देतात, आणि त्या विचारण्या-सांगण्याच्या चालींतूनच तीं लहान लहान, निरलंकार, कानाला गोड लागणारीं वाक्यें जन्मास आलीं आहेत. अलीकडच्या काळांतहि, ‘प्रभाकर’ पत्रांतून १८४८ पासून प्रसिद्ध झालेलीं लोकहितवादींचीं शतपत्रें काय आहेत? संपादक भाऊ महाजनांना एका वाचकानें लिहिलेलीं तीं पत्रेंच होत. त्यांची भाषा कित्येक ठिकाणीं ओबडधोबड आहे, शास्त्रीबुवांनीं तिची यथेच्छ टवाळीहि केली आहे; पण अव्वल इंग्रजींतील मराठी माणसाचें मन आज जाणावयाचें तर त्या पत्रांकडेच जावें लागतें.

व्यापाराच्या वाटेनें हीच गोष्ट साधल्याचें एक उदाहरण जातां जातां नमूद करण्यासारखें आहे. १९२० सालीं किर्लोस्करवाडीहून ‘किर्लोस्कर खबर’ निघूं लागली ती कारखाना आणि त्याचीं गिऱ्हाइकें यांची गांठ राहावी म्हणून. नांगर विकणाऱ्यास एक गोष्ट पक्की ठाऊक असते: फाळ वांकला असें शेतकरी लिहून कळवतो तेव्हां त्याला आभाराचें कार्ड पाठवून भागत नाहीं. शंकरराव किर्लोस्करांनीं त्या पत्रकाचें पुढें सर्व महाराष्ट्राच्या घरांत जाणारें मासिक केलें, १९३० सालीं ‘स्त्री’ आणि १९३४ सालीं ‘मनोहर’ हीं आणखी दोन भावंडें त्याला दिलीं. विद्वानांच्या मासिकांना जें साधलें नाहीं तें नांगराच्या गिऱ्हाइकांपासून सुरुवात केलेल्याला साधावें, हें विद्वानांना आवडण्यासारखें नाहीं खरें.

परंतु आम्हांला ज्याविषयीं विशेषेंकरून लिहावयाचें आहे तें उदाहरण याहून फार अवघड जागीं घडलें, आणि त्यांत व्यापाराचा वाराहि नव्हता. रघुनाथ धोंडो कर्वे हे गणिताचे प्राध्यापक. संततिनियमनाचा प्रश्न त्यांनीं आपल्या आयुष्याचें कार्य म्हणून हातीं घेतला. १९२१ सालीं मुंबईस त्यासाठीं केंद्र उघडलें, १९२३ सालीं त्या विषयावर पुस्तक लिहिलें, आणि या प्रचारापायीं १९२५ सालीं महाविद्यालयांतील नोकरीस मुकले. जुलै १९२७ मध्यें त्यांनीं ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढलें. शरीराच्या आणि मनाच्या आरोग्याची, विशेषतः स्त्रीपुरुषसंबंधांतील आरोग्याची, उघड चर्चा करणें हा त्याचा हेतु. मुखपृष्ठावर विवस्त्र स्त्रीचें चित्र. असें मासिक दिवाणखान्यांतल्या मेजावर ठेवण्याची सोय नव्हती, आणि ज्याच्या घरीं तें येई त्यानें तें येतें असें चारचौघांत सांगण्याचीहि सोय नव्हती. एका वाचकाच्या तोंडून दुसऱ्याच्या कानीं जाण्याची जी वाट प्रत्येक मासिकाला मोकळी असते, तीच येथें बंद. आश्रयासाठीं पसरलेल्या पदरांत येथें कोण काय घालणार होता?

तरीहि या मासिकाला वाचक मिळाले, ते प्रश्नांच्या वाटेनें. त्या काळच्या एखाद्या तालुक्याच्या गांवीं राहणाऱ्या, नुकतेंच लग्न झालेल्या कारकुनाची कल्पना करावी. त्याच्या मनांत एक भीति आहे. ती वडिलांना सांगतां येत नाहीं, वैद्याला सांगावी तर गांवभर होईल, मित्राला विचारावें तर तो हंसेल आणि त्यालाहि त्याच्याहून अधिक कांहीं ठाऊक नसेल. किंवा चार बाळंतपणांनीं खंगलेल्या, पांचव्याच्या धास्तीनें झोप उडालेल्या एखाद्या बाईची कल्पना करावी. अशा माणसाला उभ्या महाराष्ट्रांत एक पत्ता असा होता कीं, तेथें पत्र टाकलें असतां प्रवचन न येतां उत्तर येईल. ‘समाजस्वास्थ्या’च्या प्रश्नोत्तरांचें सारें बळ या एका भरंवशांत होतें.

हीं प्रश्नोत्तरें वाङ्मय म्हणून वाचावीं अशी आमची सूचना आहे. ती ऐकून कोणी नाक मुरडील, पण आम्ही ती विचारपूर्वक करीत आहों. कर्व्यांच्या उत्तरांना प्रस्तावना नसते. विचारणाऱ्याच्या धैर्याची स्तुति नसते, त्याच्या अज्ञानाबद्दल हळहळ नसते आणि त्याच्या वर्तनाबद्दल निषेधहि नसतो. गणिताच्या शिक्षकानें फळ्यावर पायरी मांडावी तशीं वाक्यें येतात: अमुक समज आहे, त्याला अमुक आधार नाहीं, म्हणून अमुक करावें. विशेषणें जवळजवळ नाहींतच. अशा उत्तरांत आंतल्या ओलाव्याचा अभाव आहे, असें कित्येक म्हणतील. आम्हांला तसें वाटत नाहीं. ज्याला लाज वाटत आहे त्याच्यापुढें सहानुभूतीचें प्रदर्शन केलें म्हणजे त्याची लाज दुप्पट होते; त्याचा प्रश्न पोटदुखीच्या प्रश्नासारखाच साधा आहे असें धरून जो बोलतो तोच त्याला खरा दिलासा देतो. हा कोरडेपणा म्हणजे एक प्रकारची सभ्यता आहे, आणि आमच्या गद्यांत ती फार विरळ.

भाषेच्या दृष्टीनेंहि ही कामगिरी लहान नाहीं. शरीराच्या या भागाविषयीं बोलावयाचें तर त्या वेळच्या मराठींत दोनच वाटा होत्या: एक शिवीची, दुसरी संस्कृत पोथीची. पहिली छापतां येत नव्हती, दुसरी प्रश्न विचारणाऱ्याला समजत नव्हती. या दोहोंच्या मधून, ऐकणाऱ्यास न बिचकवणारी आणि तरीहि संदिग्ध नसणारी अशी शब्दयोजना महिन्यामागून महिना करीत राहणें, हें कोणत्याहि परिभाषामंडळाच्या कामाइतकेंच कठीण काम आहे. तें त्यांना साधलें याचें श्रेय आमच्या मतें कर्व्यांच्या विद्वत्तेइतकेंच प्रश्न विचारणाऱ्यांनाहि आहे. कारण हें उत्तर अमक्याला समजलें पाहिजे, असा एक ठराविक माणूस डोळ्यांपुढें असल्याशिवाय भाषा साधी होत नाहीं. कर्व्यांचे सिद्धांतपर लेख आणि त्यांचीं उत्तरें शेजारीं ठेवून वाचावीं. लेखांत ते युरोपांतील पंडितांशीं बोलत असतात, उत्तरांत मराठी माणसाशीं.

आतां या मासिकाचे दोषहि सांगितले पाहिजेत, आणि ते लहान नाहींत. प्रत्येक आक्षेपाला उत्तर द्यावयाचेंच, हा कर्व्यांचा बाणा पुढें पुढें व्यसनाच्या पदवीस पोंचतो. कोणीं कोठें कांहीं म्हटलें कीं त्याचा समाचार आलाच. प्रतिपक्षी खंडण्याच्या योग्यतेचा आहे कीं नाहीं, हें पाहण्याचा संयम त्यांच्यापाशीं नव्हता. ब्रह्मचर्य हाच संततिनियमनाचा एकमेव इष्ट मार्ग होय, या गांधीजींच्या मताशीं वाद घालणें अवश्य होतें. तो वाद मोठा होता आणि तो घालणाराहि तितकाच तयारीचा होता. पण तीच तलवार फुटकळ टीकाकारावर उगारलेली पाहून वाचकाला कंटाळा येतो. शंकाकाराला आणि कुचाळखोराला त्यांनीं एकाच मापानें उत्तर दिलें. त्यामुळें एकाचा मान वाढला तो वाढलाच, पण दुसऱ्याचाहि नाहक वाढला. शिवाय बुद्धिवादावरील त्यांची श्रद्धा इतकी निःशंक होती कीं, माणूस चुकीचें वागतो तो केवळ त्याला माहिती नसते म्हणून, असें त्यांनीं धरून चालावें; माहिती असूनहि माणूस भितो, ही गोष्ट त्यांच्या हिशेबांत बसत नव्हती. आणि त्यांच्या शास्त्रीय माहितीपैकीं कांहीं भाग त्या काळच्या शास्त्राबरोबरच जुना झाला आहे, हेंहि आजच्या वाचकानें लक्षांत ठेवावें.

इतकें असूनहि त्यांचें उत्तर खरें कां वाटतें? आमच्या मतें याचें कारण एकच आहे: त्या उत्तरासाठीं ते किंमत मोजीत होते, आणि वाचकाला तें दिसत होतें. १९३१ सालीं व्यभिचाराच्या प्रश्नावरील एका लेखासाठीं त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला होऊन त्यांना दंड झाला. १९३४ सालचा दुसरा खटला आमच्या विषयाच्या दृष्टीनें अधिक महत्त्वाचा आहे. कारण तो लेखासाठीं नव्हता, वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांसाठीं होता. त्या खटल्यांत कर्व्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं मांडली. लोकांना शंका आहेत, ते त्या विचारतात, आणि ज्याचा त्या विषयाचा अभ्यास आहे तो उत्तर देतो. यांत विकृति कोठें आली, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. निकाल विरुद्ध गेला; दोनशें रुपये दंड झाला. वाचकाच्या पत्राला उत्तर देणें हाच जेथें गुन्हा ठरला, असा हा आमच्या नियतकालिकांच्या इतिहासांतील विलक्षण प्रसंग आहे.

वकील म्हणून जे उभे राहिले ते स्वतः संपादक होते, ही गोष्ट सहसा कोणी लक्षांत घेत नाहीं. १९२० सालीं ‘मूकनायक’ आणि एप्रिल १९२७ मध्यें, म्हणजे ‘समाजस्वास्थ्य’ निघण्याच्या अवघे तीन महिने आधीं, ‘बहिष्कृत भारत’ बाबासाहेबांनीं काढलें होतें. त्या दुसऱ्या पत्राचे बहुतेक रकाने त्यांना स्वतःच भरावे लागत. ज्या समाजासाठीं तीं पत्रें होतीं त्यांतील फार थोड्यांना वाचतां येत होतें. एकानें वाचावें आणि दहांनीं ऐकावें असा तो प्रकार. वर्गणीदारांच्या यादीवरून ज्याची गणती होत नाहीं असा वाचक काय असतो, हें त्यांना दुसऱ्या कोणीं सांगावयास नको होतें. कर्व्यांच्या पत्रव्यवहारांतील निनांवी माणसें त्याच जातीचीं होतीं. तीं बोलत नव्हतीं याचें कारण त्यांच्यापाशीं बोलण्यासारखें कांहीं नव्हतें असें नव्हे.

येथें एक शंका येणें साहजिक आहे. वाचकाशीं आपुलकीनें बोलावें म्हणजे वाचक मिळतात, हें जर खरें, तर आपुलकी हीहि एक युक्तीच ठरली. आणि मग जो तो ती वापरूं लागेल. तसें झालेंहि आहे. संपादकानेंच ‘एक वाचक’ होऊन पत्र लिहावें आणि आपणच त्याला गोड उत्तर द्यावें, ही चाल जुनी आहे. इंग्रजींतील मोठमोठ्यांनींहि ती केली आहे. अंक फार वाचनीय झाला, अमुक कथा वाचून डोळ्यांत पाणी आलें, अशा अभिप्रायांनीं पान भरून काढणें ही तिचीच धाकटी बहीण. प्रिय वाचकहो, आपणच आमचे मायबाप, असें दर अंकांत लिहिणाऱ्या संपादकाला त्या मायबापांपैकीं एकाच्याहि पत्रांतला मजकूर आठवत नसतो. अलीकडे तर लिहिणाऱ्यानें आधीं दहा जणांच्या लेखनाची वाहवा करावी म्हणजे ते दहा जण आपली करतील, असा सल्ला उघडपणें दिला जातो. ही वाहवेची देवघेव आहे. तींत दोन्ही बाजूंस पोच मिळते.

खऱ्या आस्थेची आणि बनावट आस्थेची पारख कशानें करावी? आमच्यापुरती आम्हीं एक खूण धरली आहे. जें उत्तर वाचकाला नावडूं शकतें तेंच उत्तर. कर्व्यांची उत्तरें विचारणाऱ्याला अनेकदां नावडलीं असलीं पाहिजेत. कारण ज्या समजुतीचा आधार धरून तो आला होता तीच ते काढून घेत. आपल्या वाचकांत त्यांनीं कोणाची आवड सांभाळली नाहीं. सनातन्यांची नाहीं, सुधारकांचीहि नाहीं. देवाधर्माविषयीं त्यांचें लिहिणें पुष्कळ सुधारकांनाहि सोसण्यासारखें नव्हतें. असें असूनहि जे टिकले ते टिकले. ज्यानें एकदां विचारलें आणि सरळ उत्तर घेतलें, तो पुढें मतभेद झाला म्हणून सोडून जात नाहीं. भांडावयाचें झालें तरी तो पत्र लिहूनच भांडतो.

मात्र या मार्गानें मोठा जमाव मिळतो, असें आम्ही मुळींच सुचवीत नाहीं. ‘समाजस्वास्थ्य’ कधीं फायद्यांत चाललें नाहीं. त्याचा संसार अखेरपर्यंत ओढगस्तीचाच राहिला. लेखन, मुद्रितें तपासणें, अंक रवाना करणें हीं कामें कर्वे स्वतः करीत. त्यांच्या पत्नी मालतीबाई यांनीं या सर्व दगदगीचा आणि लोकनिंदेचा वांटा उचलला, आणि १९४४ सालीं त्याहि गेल्या. त्याच काळांत कथा-कादंबऱ्यांवर पोसलेलीं मासिकें त्याहून किती तरी अधिक खपत होतीं. खपाच्या आंकड्यावर लेखनाचें माप घेणाऱ्याला कर्व्यांचें उदाहरण देण्यांत कांहींच अर्थ नाहीं; तो आपला दुसरीकडे जाईल आणि त्यानें तसें जावें हेंच बरें. आमचें म्हणणें एवढेंच आहे कीं, ज्या मासिकाला प्रत्येक व्यावहारिक नियमाप्रमाणें वर्षभरांत बंद पडावयास हवें होतें, तें सव्वीस वर्षें चाललें. आणि ज्यांनीं तें चालविलें त्यांपैकीं बहुतेकांनीं आपलें नांव कधीं छापूं दिलें नाहीं.

कर्व्यांवर पुढें पुष्कळ लिहिलें गेलें. २००१ सालीं अमोल पालेकरांनीं त्यांच्या आयुष्यावर ‘ध्यासपर्व’ हा चित्रपट काढला. २०१७ सालीं अजित दळवींचें ‘समाजस्वास्थ्य’ हें नाटक अतुल पेठे यांच्या दिग्दर्शनाखालीं रंगभूमीवर आलें, आणि न्यायालयांतले ते खटले त्यांत प्रेक्षकांनीं पाहिले. द्रष्टा, हुतात्मा, काळाच्या पुढें असलेला माणूस, अशा पदव्या आतां त्यांना मिळतात. त्या खोट्या नाहींत. पण अशा पदव्यांनीं त्यांच्या समोर बसलेला माणूस दिसेनासा होतो. काळाच्या पुढें असलेल्या माणसाला त्याच्याच काळांतल्या एखाद्या कारकुनाचें पत्र येतें, तेव्हां त्या कारकुनालाहि काळाच्या पुढें एक पाऊल टाकावें लागलेलें असतें, आणि तें पोस्टाच्या पेटीपर्यंत चालत जाऊन. त्या पावलाचाहि एक इतिहास आहे. तो लिहावयाचा तर सामग्री एकच आहे: त्या अंकांतील प्रश्न.

म्हणून आमची अशी इच्छा आहे कीं, कोणा अभ्यासकानें ‘समाजस्वास्थ्या’तील प्रश्नोत्तरें एका पुस्तकांत सालवारीनें एकत्र करावीं, आणि तीं करतांना उत्तरांइतकीच काळजी प्रश्नांचीहि घ्यावी. प्रश्न लहान टाइपांत आणि उत्तर मोठ्या टाइपांत, असें करूं नये. प्रश्नांची भाषा सुधारूं नये. तींत अडखळलेलीं, अर्ध्यावर सोडलेलीं वाक्यें असतील तर तीं तशींच राहूं द्यावीं. एकच प्रश्न पुन्हां पुन्हां आलेला दिसला तर पुनरुक्ति म्हणून तो गाळूं नये. तीच भीति १९२८ सालीं, १९३८ सालीं आणि १९४८ सालीं निरनिराळ्या गांवांहून पत्र लिहीत होती काय, आणि संपादक दर वेळीं तिला नव्यानें उत्तर देत होता कीं मागील अंक पाहा म्हणून सांगत होता, हें त्या पुनरुक्तीवरूनच आम्हांला कळणार आहे.

रघुनाथराव कर्वे १४ ऑक्टोबर १९५३ रोजीं वारले. ‘समाजस्वास्थ्या’चा शेवटचा अंक त्यानंतरच्या महिन्याचा, म्हणजे नोव्हेंबर १९५३ चा आहे.